राजानं मागितलेला महिना

बाळांनो, आज एका राजाची गोष्ट सांगतो. या राजानं कुणाकडे सोनंनाणं मागितलं नाही की मुलूख मागितला नाही. त्यानं एक महिना मागितला, तोही भिक्षूंकडे. मगध देशाचा हा राजा बिंबिसार. राजगृह ही त्याची राजधानी. आज बिहारात राजगीर म्हणतात ते हेच गाव. चहूबाजूंनी डोंगर आणि मधे वस्ती. तिथले गरम पाण्याचे झरे अजून वाहतात. काळ गौतम बुद्धांचा, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा. ही हकिकत बौद्धांच्या विनयपिटकात, महावग्ग नावाच्या भागात आली आहे.

झालं असं, की बुद्धांचे भिक्षू बाराही महिने पायी हिंडत. उन्हाळा नाही, पावसाळा नाही. लोकांना ते खटकू लागलं. पाऊस लागला की पाखरंसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटं बांधून एका जागी राहतात, इतर पंथांचे साधू एका जागी राहतात, आणि हे मात्र कोवळं गवत तुडवत, बारीक जीव चिरडत चाललेत, अशी कुरकुर सुरू झाली.

लोकांचं म्हणणं खोटं नव्हतं. मृगाचा पाऊस चांगला पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणाच्या कडेला उकिडवे बसा आणि फक्त वीतभर जमीन निरखून पाहा. लाल मखमली किडा ओल्या मातीवरून हळूहळू चाललेला असतो. गांडुळांनी रात्रीतून वर आणून टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्यांचे ढीग दिसतात. गोगलगाय जिथून गेली तिथे चकचकीत ओली रेघ असते. बोट लावताच वेटोळं करून पडणारा पैसा असतो, रात्री दिव्याखाली झडलेले वाळवीचे पंख असतात आणि त्या सगळ्यांच्या मधून टाकळ्याची दोन-दोन पानांची रोपं वर येत असतात. वैशाखात याच वीतभर जागेत तुम्ही डोळे मिटून पाय ठेवला असता. आता पाय कुठे ठेवाल?

बुद्धांनी लोकांचं ऐकलं. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तीन महिने एका जागी राहायचं, असं त्यांनी भिक्षूंना सांगितलं. हाच वर्षावास. आपल्याकडच्या भाजे, कार्ले, कान्हेरी इथल्या लेण्यांमध्ये ज्या बारीक खोल्या कोरल्या आहेत ना, त्या पुढे अशाच मुक्कामाला उपयोगी पडल्या. कान्हेरीला पावसाळ्यात गेलात तर खडकात खोदलेली पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली दिसतात.

पण नियम केला आणि अडचण पुढे उभी राहिली. पौर्णिमा कधी, अष्टमी कधी, हे ठाऊक असायला हवं. गावातले लोक भिक्षूंना विचारत, "महाराज, आज पक्षाची कितवी तिथी?" भिक्षू म्हणत, "ठाऊक नाही." लोक नाराज झाले. ज्यांना साधा पंधरवडा मोजता येत नाही, त्यांना आणखी चांगलं ते काय येणार, असं बोलू लागले. बुद्धांनी याचंही वाईट वाटून घेतलं नाही. पक्ष मोजायला शिका, एकट्यादुकट्यानं नव्हे तर सगळ्यांनीच शिका, असं त्यांनी सांगितलं. धर्माच्या एवढ्या मोठ्या ग्रंथात ही छोटी आज्ञा जपून ठेवली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि मग बिंबिसाराचा निरोप आला. वर्षावास तोंडावर आला होता. राजानं कळवलं, की भिक्षूंनी या पौर्णिमेऐवजी पुढच्या पौर्णिमेला वर्षावास धरला तर बरं होईल. बुद्धांनी भिक्षूंना सांगितलं, राजाचं ऐका. ग्रंथात एवढंच आहे. राजाला महिना कशाला हवा होता, ते तिथे उलगडून सांगितलेलं नाही. जाणकार मात्र यात अधिक महिन्याची खूण पाहतात. ती कशी, हे समजायला आपल्याला जमिनीवरून नजर काढून वर बघावं लागेल.

हात लांब करून मूठ आवळा. त्या मुठीची रुंदी आकाशात साधारण दहा अंश भरते. आज रात्री चंद्राजवळची एखादी ठळक चांदणी हेरून ठेवा. उद्या त्याच वेळी पाहा. चंद्र त्या चांदणीपासून पूर्वेकडे एका मुठीपेक्षा थोडा जास्तच सरकलेला दिसेल. तो रोज सुमारे तेरा अंश चालतो. सूर्यही त्याच वाटेनं चालतो, पण रोज जेमतेम एक अंश. तेरातून एक गेला, उरले बारा. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी संपते. पंचांगातली तिथी म्हणजे एवढंच. चंद्राची वाट अगदी गोल नसल्यानं तो पृथ्वीजवळ असताना भरभर जातो आणि लांब असताना रेंगाळतो. म्हणून तिथी कधी वीस तासांत आटोपते, तर कधी जवळजवळ सत्तावीस तास चालते. एखादी छोटी तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधीच संपली, की तिचा क्षय झाला म्हणायचं.

आता घड्याळाकडे बघा. बारा वाजता दोन्ही काटे एकावर एक असतात. तासाभरानं मोठा काटा फिरून बाराला येतो, पण छोटा तोवर एकावर गेलेला असतो, म्हणून त्याला गाठायला मोठ्याला आणखी पाच मिनिटं चालावं लागतं. चंद्राचंही तसंच. नक्षत्रांमधून त्याची फेरी सत्तावीस दिवस आणि काही तासांत पुरी होते, पण तोवर सूर्य पुढे गेलेला असतो. त्याला गाठेपर्यंत आणखी दोन दिवस जातात. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत म्हणून साधारण साडेएकोणतीस दिवस लागतात. असे बारा महिने केले की ३५४ दिवस होतात. ऋतूंचं वर्ष मात्र ३६५ दिवसांचं.

अकरा दिवस कमी पडले. बाळांनो, जगातल्या कितीतरी पंचांगांचा सगळा खटाटोप या अकरा दिवसांसाठी आहे.

कुणी लक्षच दिलं नाही तर काय होईल? दर वर्षी आषाढी पौर्णिमा अकरा दिवस आधी येईल. सोळा-सतरा वर्षांत ती थेट हिवाळ्यात जाऊन पोचेल. भिक्षू कोरड्या थंडीत एका जागी बसून राहतील आणि भर पावसात, ज्या जिवांसाठी नियम केला त्यांनाच तुडवत निघतील. म्हणून दोन-तीन वर्षांनी कुणीतरी थांबून म्हणावं लागतं, की हा महिना मोजू नका, पुढची पौर्णिमा खरी धरा. बिंबिसारानं मागितलेला महिना बहुधा हाच असावा.

मुसलमान बांधवांच्या हिजरी वर्षात हे अकरा दिवस भरून काढत नाहीत. त्यांच्या धर्मात तसा निर्बंधच आहे. म्हणून रमजान सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. एकाच माणसाच्या आयुष्यात त्याला कडक उन्हाळ्याचेही रोजे घडतात आणि थंडीतल्या लहान दिवसांचेही.

मग तुम्ही विचाराल, एवढा त्रास आहे तर चंद्र सोडूनच का देत नाहीत? सूर्यावर भागवावं. यावर कोकणातल्या कुठल्याही जुन्या नाखव्याला विचारा. तो तिथीवर समुद्र सांगतो. तिथीची पाऊणपट करायची, जेवढं येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. पुनवेला आणि अवसेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकवटते आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमाराला दोघं काटकोनात ओढतात, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. त्याला भांगाची भरती म्हणतात. १४ जुलै म्हटल्यानं यातलं काही कळत नाही. पेरणीला सूर्य लागतो, होडीला चंद्र लागतो. ज्यांना दोन्ही करायचं होतं त्यांना दोघांनाही सांभाळून घेण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

सांभाळण्याची आपल्याकडची जुन्यातली जुनी रीत पाच वर्षांच्या युगाची. वेदांगज्योतिष या प्राचीन ग्रंथात ती आहे आणि जैनांच्या सूर्यप्रज्ञप्ती या अर्धमागधी ग्रंथातही आहे. पाच वर्षांचे दिवस १८३०, त्यात चांद्रमास ६२. पाच वर्षांचे साधे महिने साठ, म्हणजे दोन जास्तीचे. जैनांच्या मोजणीत एक युगाच्या मध्यावर पौषाच्या जागी, दुसरा शेवटी आषाढाच्या जागी. म्हणजे अडीच वर्षांनी एक महिना. त्यात चंद्राची गणती सुरेख जमली होती. बासष्ट महिन्यांत एका दिवसाहूनही कमी चूक. सूर्याची मात्र तेवढी जमली नाही. १८३० दिवसांत पाच वर्षं बसवली की वर्ष ३६६ दिवसांचं होतं, आणि पाच वर्षांत पावणेचार दिवस वाढतात. दुरुस्त न करता चाळीस वर्षं चालवलं तर हिशेब महिनाभर घसरतो. म्हणजे मधूनमधून कुणीतरी आकाश बघून तो सावरत असणार, हे उघड आहे.

सूर्यप्रज्ञप्तीतली कल्पनाही ऐकण्यासारखी आहे. जंबूद्वीपाच्या मधोमध मेरू पर्वत आणि त्याभोवती फिरणारे सूर्य दोन, चंद्रही दोन. एका सूर्याला मेरूची फेरी पुरी करायला दोन दिवस लागतात, म्हणून आज उगवला तो उद्या पलीकडे असतो आणि उद्या दुसरा उगवतो. आपल्याला आज हे पटत नाही, पण सूर्य रात्री जातो कुठे, या प्रश्नाला त्यांनी गणित मांडून उत्तर दिलं होतं, नुसती कहाणी सांगितली नव्हती. त्यांचं एक माप तर मला सारखं विचार करायला लावतं. मोठ्यात मोठा दिवस अठरा मुहूर्तांचा आणि लहानात लहान बारा मुहूर्तांचा, असं ते सांगतात. मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं, तेव्हा मोठा दिवस १४ तास २४ मिनिटांचा झाला. मुंबईत जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. महावीर आणि बुद्ध ज्या मगधात हिंडले तिथेही तो चौदा तासांना पोचत नाही. एवढा मोठा दिवस बघायला काश्मीर-गांधाराकडे जावं लागतं. हेच प्रमाण वेदांगज्योतिषातही आहे.

पुढे ज्योतिषी अधिक बारकाईनं मोजू लागले आणि ठरावीक जागी महिना घालणं सोडून सूर्यालाच विचारू लागले. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ती संक्रांत. ज्या चांद्रमासात एकही संक्रांत होत नाही तो अधिक. तोच आपला धोंड्याचा महिना. असा महिना सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो. जावयाच्या ताटात तेहतीस अनारसे ठेवतात त्याची सांगड कित्येक जण या आकड्याशी घालतात.

यात एक चमत्कार लपलेला आहे. जुलैच्या सुरुवातीला, आपण छत्र्या घेऊन शाळेत जातो तेव्हा, पृथ्वी सूर्यापासून लांबात लांब असते. जानेवारीच्या सुरुवातीपेक्षा सुमारे ५० लाख किलोमीटर लांब. लांब असते म्हणून सावकाश चालते, आणि त्यामुळे सूर्य मिथुन राशीत साडेएकतीस दिवस काढतो. थंडीत धनू राशीतून मात्र तो साडेएकोणतीस दिवसांच्या आतच बाहेर पडतो. मिथुनेसारख्या लांब मुक्कामात एक आख्खा चांद्रमास सहज मावतो, धनूच्या मुक्कामात मावत नाही. म्हणून अधिक महिना बहुतेकदा चैत्र ते आश्विन यांतच येतो आणि पौष कधी अधिक होत नाही. जुन्या युगातला तो ठरलेला अधिक पौष खऱ्या गतीचं गणित आल्यावर गेला. उलट मार्गशीर्ष, पौष, माघ यांच्यापैकी एखाद्या महिन्यात क्वचित दोन संक्रांती पडतात आणि तो महिनाच गळतो. १९८२-८३ साली असा क्षयमास झाला होता. तुमच्या आयुष्यात मात्र तो येण्याची शक्यता कमी आहे, कारण पुढचा २१२३-२४ सालचा आहे.

जुनी कॅलेंडरं मिळाली तर एक गंमत करून पाहा. २००४ साली अधिक श्रावण होता. त्यानंतर २००७, २०१०, २०१२, २०१५, २०१८, २०२० या वर्षी अधिक महिने आले, आणि २०२३ ला पुन्हा अधिक श्रावण. २००४ पासून २०२३ च्या आधीपर्यंत मोजा, एकोणीस वर्षांत सात. एकोणीस वर्षांचे २३५ चांद्रमास आणि एकोणीस सौर वर्षं यांच्यात फरक पडतो तो अवघ्या दोन-एक तासांचा. म्हणून २००४ चं लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आलं आणि २०२३ चंही १२ नोव्हेंबरलाच. तुमच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला तारीख आणि तिथी पुन्हा एकमेकींना भेटतील, फार तर एखाद्या दिवसाचा फरक पडेल.

थायलंड आणि म्यानमारमध्ये अजूनही अधिक महिना वर्षातल्या एकाच जागी घालतात, आषाढात. दोन आषाढ आले की भिक्षूंचा वर्षावास दुसऱ्या आषाढाच्या पौर्णिमेनंतर सुरू होतो. वर्षांची मोजणी बुद्धांच्या महापरिनिर्वाणापासून, पण थायलंडमध्ये २०२५ साली बुद्धाब्द २५६८ होतं आणि त्याच वर्षी वैशाखी पौर्णिमेनंतर श्रीलंकेत २५६९. एकानं संपलेली वर्षं मोजली, दुसऱ्यानं चालू वर्षही धरलं, एवढंच. त्यामुळे अडीच हजारावं वर्ष आपल्याकडे आणि श्रीलंकेत १९५६ साली साजरं झालं. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. दीक्षाभूमीवर दसऱ्याच्या तिथीला लोटणारा जनसागर तुम्ही पाहिलाच आहे, आणि कितीतरी घरांत १४ ऑक्टोबर ही तारीखही पाळतात. थायलंडनं १९४० साली आणखी एक मोठं काम केलं. त्यांचं वर्ष एप्रिलपासून सुरू होई, ते जानेवारीवर आणायचं ठरलं. त्यासाठी बुद्धाब्द २४८३ हे वर्ष नऊ महिन्यांतच संपवलं.

महिना मागणाऱ्या राजाची गोष्ट झाली. आता एक दिवस मागणाऱ्या राजाची ऐका. ही आपल्या पैठणची आहे. जैनांच्या परंपरेत कालकाचार्य म्हणून मोठे आचार्य सांगितले आहेत. ते प्रतिष्ठान नगरीत, म्हणजेच पैठणला, सातवाहन राजाकडे आले. पर्युषण या जैनांच्या पर्वाचा मुख्य दिवस तेव्हा भाद्रपद शुद्ध पंचमी होता. राजा म्हणाला, "त्याच दिवशी माझ्या नगरीत इंद्राचा उत्सव असतो, मला तिथे असायलाच हवं. दिवस पुढे घेता येईल का?" आचार्य म्हणाले, "पंचमी ओलांडता येणार नाही. पण एक दिवस अलीकडे घेऊ." चतुर्थी ठरली. जैनांतले श्वेतांबर मूर्तिपूजक आजही संवत्सरी, म्हणजे हा मुख्य दिवस, चतुर्थीला करतात, म्हणजे आपल्या दारात गणपती येतात त्याच दिवशी शेजारचं जैन कुटुंब सगळ्यांची क्षमा मागत असतं. स्थानकवासी आणि तेरापंथी पंचमीला करतात, आणि दिगंबरांचं दशलक्षण पर्व त्याच पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीपर्यंत चालतं. या सगळ्यांचे साधू-साध्वी आषाढ ते कार्तिक एका गावी राहतात, ते बारीक जिवांच्याच काळजीनं. दिवाळीच्या अमावास्येला महावीरांचं निर्वाण झालं, आणि दुसऱ्या दिवशी पाडव्याला त्यांचा वीर संवत बदलतो. इसवी सनापूर्वी ५२७ पासून तो मोजतात.

एवढं सगळं करूनही एक गळती राहिलीच आहे. आपली संक्रांत नक्षत्रांवर ठरते आणि ऋतू मात्र पृथ्वीच्या कललेल्या अक्षावर. तो अक्ष फार सावकाश, सुमारे सव्वीस हजार वर्षांत एक, घेर घेतो. त्यामुळे नक्षत्रांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीस मिनिटांनी मोठं आहे. बहात्तर वर्षांत एक दिवस सरकतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या मकरसंक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी. आता संक्रांत १४ किंवा १५ ला येते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणून ती संक्रांतीलाच झाली असं पुष्कळ जण समजतात, पण या हिशेबानं त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

१९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणेसाठी समिती नेमली गेली, तेव्हा देशात सुमारे तीस निरनिराळी पंचांगं चालू होती. समितीत आपले नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी आणि 'केसरी'चे ज. स. करंदीकर होते. सरकारी कामासाठी त्यांनी ऋतूंना बांधलेला राष्ट्रीय शक दिला. तो २२ मार्च १९५७ ला, १ चैत्र १८७९ म्हणून सुरू झाला. आकाशवाणीवर तुम्ही ही तारीख ऐकली असेल. सणांची पंचांगंही ऋतूंपासून आणखी सरकू नयेत, अशी सोय त्यांनी सुचवली होती. ती बहुतेक पंचांगकर्त्यांनी उचलली नाही. सरकणं असंच चाललं तर दोन हजार वर्षांनी ज्येष्ठात येणारा पाऊस वैशाखात येईल. मला विचाराल तर समितीचं म्हणणं ऐकायला हवं होतं. ज्यांनी नाकारलं त्यांचंही म्हणणं पोकळ नाही. चित्रा नक्षत्राजवळ पुनवेचा चंद्र दिसतो तो चैत्र, ही खूण त्यांना मोडायची नव्हती.

या वादाचा बराच भाग दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ सालीच आपल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'च्या इतिहासात मांडून ठेवला आहे. पेशानं शिक्षक होते ते. पुढे दोनच वर्षांत गेले, पंचेचाळिशीच्या आत. त्यांचा ग्रंथ माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. कुणाला आकडेमोडीची गोडी लागली तर न्या, जड जाईल तिथे मला विचारा.